कच्ची वही, पक्की वही: लिव्हिंगस्टनचं शेवटचं पुस्तक कसं वाचायचं?

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला एक व्याख्या तोंडपाठ असते. घटना घडत असताना प्रत्यक्षदर्शीने लिहिलेलं ते प्राथमिक साधन आणि नंतर दुसऱ्याने त्यावर लिहिलेलं ते दुय्यम साधन. दोन गुण पक्के. मग सांगा बघू, डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनऱ्याची रोजनिशी १८७४ साली लंडनमध्ये 'लास्ट जर्नल्स' या नावाने दोन खंडांत छापली गेली, ते कोणतं साधन? लेखक तोच, 'मी' तोच, तारखा रोजच्या रोज. पण छापली गेली तेव्हा लेखक जिवंत नव्हता आणि छापणाऱ्याच्या हातात कात्री होती.

मी विज्ञान शाखेची. इतिहासाचं पुस्तक हातात घ्यायचं कारण माझ्या विषयात नाही. पण नोंदवहीतला डेटा पेपरपर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय काय होतं, हे समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला विज्ञानातही मिळालेलं नाही.

आधी माणूस थोडक्यात. जन्म १८१३, स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरचा. दहाव्या वर्षापासून सूतगिरणीत काम, पुढे वैद्यकीचं शिक्षण, आणि १८४१ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीतर्फे दक्षिण आफ्रिकेत. मिशनरी म्हणून हिशेब मांडलात तर पदरात जवळजवळ काही नाही. बक्वेना लोकांचा राजा सेचेले याला त्याने १८४८ मध्ये बाप्तिस्मा दिला आणि काही महिन्यांतच त्याला प्रभुभोजनातून बाहेरही ठेवलं. गंमत म्हणजे नंतर त्या भागात ख्रिस्ती धर्म पसरवण्याचं मोठं काम केलं ते याच सेचेलेने. लिव्हिंगस्टन चालत राहिला. १८५३ ते १८५६ या काळात त्याने खंड आडवा पार केला, १८५७ मध्ये त्यावरचं पुस्तक प्रचंड खपलं, त्याच वर्षी सोसायटीशी संबंध संपला. १८६६ मध्ये तो शेवटच्या प्रवासाला निघाला. नाईलचा उगम शोधायचा आणि गुलामांचा व्यापार जगासमोर आणायचा, हे दोन हेतू. १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबो गावी तो वारला. आपलं पुस्तक आहे ते या सात वर्षांचं.

संपादक होरेस वॉलर. हा लिव्हिंगस्टनचा मित्र, स्वतः आधी आफ्रिकेत मिशनचं काम करून आलेला, गुलामगिरीचा कडवा विरोधक. प्रस्तावनेत तो अभिमानाने सांगतो की १८६६ पासून मृत्यूपर्यंतची एकही नोंद अपघाताने किंवा हलगर्जीपणाने हरवलेली नाही. वाक्य खरं आहे. पण 'हरवली नाही' आणि 'छापली' यात फरक आहे, आणि तो फरक डोरोथी हेली या इतिहासकार बाईंनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात हस्तलिखितांशी ताडून दाखवला. वॉलरने लिव्हिंगस्टनचे राग-लोभ, जिवंत माणसांवरचे आरोप, कडवट शेरे छाटले होते. वॉलर खोटारडा होता असं मी म्हणणार नाही. त्याने खोटं काही घातलं नाही, खरं काढून टाकलं. आपल्याकडे 'आउटलायर' म्हणून बिंदू वगळतात ना, त्यातलाच प्रकार!

पण वॉलरच्याही आधी एक गाळणी लागली होती, ती खुद्द लिव्हिंगस्टनची. पद्धत समजून घ्या. चालता चालता तो लहान वह्यांत टिपणं करायचा आणि सवड मिळाली की ती मोठ्या जर्नलमध्ये नीट उतरवायचा. किराणा दुकानात कच्ची वही आणि पक्की वही असते तसंच. १८७१ साली काँगोच्या आतल्या भागात असताना त्याच्याकडचा कागद संपला, शाई संपली. मग त्याने 'द स्टँडर्ड' या वर्तमानपत्राच्या जुन्या अंकावर, छापील ओळींना आडवं, स्थानिक बियांपासून केलेल्या शाईने लिहायला सुरुवात केली. ही शाई पुढे इतकी फिकी पडली की पानावर फक्त वर्तमानपत्र दिसायचं. सुमारे १४० वर्षं ही कच्ची वही कुणाला धड वाचता आली नाही. लोक वाचत होते ती पक्की वही, तीही वॉलरने छापलेली.

एड्रियन विस्निकी यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने एडिनबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात या पानांचं मल्टिस्पेक्ट्रल इमेजिंग केलं आणि २०११ मध्ये मजकूर सगळ्यांसाठी खुला केला. तत्त्व बारावीच्या फिजिक्सचं आहे. छपाईची शाई म्हणजे काजळी, ती कुठल्याही तरंगलांबीला काळीच दिसते. वनस्पतीची शाई निळ्या प्रकाशात उठून दिसते, पण इन्फ्रारेडमध्ये जवळपास नाहीशी होते. अतिनील ते इन्फ्रारेड असे वेगवेगळे प्रकाश टाकून एकाच पानाचे फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकातून दुसरा वजा करायचा. छापील मजकूर फिका पडतो, हस्ताक्षर वर येतं.

आता मुद्द्याचा दिवस. १५ जुलै १८७१, लुआलाबा नदीकाठचं न्यांग्वे गाव. तिथला बाजार लिव्हिंगस्टनला आवडायचा. मासे, मडकी, कोंबड्या घेऊन येणाऱ्या बायका, त्यांची घासाघीस, हे सगळं त्याने आवडीने टिपलेलं आहे. पुस्तकाचा हा भाग खरोखर सुंदर आहे. त्या दिवशी बाजारात सुमारे १५०० माणसं होती, बहुतेक बायका. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी गर्दीवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. लोक होड्यांकडे धावले, होड्या अडकल्या, उलटल्या, कितीतरी जण बुडाले. व्यापाऱ्यांचाच अंदाज ३३० ते ४०० मृतांचा होता. लिव्हिंगस्टनने हे लिहिलं आणि स्टॅनलीने त्याची पत्रं व कागद १८७२ मध्ये इंग्लंडला नेले. तिथे खळबळ उडाली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांना झांझिबारला धाडण्यात आलं, आणि जून १८७३ मध्ये सुलतान बर्घशने करारावर सही करून तिथला गुलामांचा बाजार बंद केला. पुराव्याने जग बदलल्याची उदाहरणं थोडी असतात, हे त्यातलं एक.

आणि याच पुराव्याच्या कच्च्या वहीत अडचण आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला झांझिबारहून लिव्हिंगस्टनच्या मदतीला दहा माणसं आली होती. ती स्वतःच गुलाम होती, झांझिबारमधल्या बनिया व्यापाऱ्यांच्या मालकीची. म्हणजे गुलामगिरीविरुद्ध लिहिणाऱ्याचं सामान वाहायला गुलाम! वर तो हिंडत होता, आजारात तगत होता, ते अरब-स्वाहिली व्यापाऱ्यांच्या आधारावर. या दहा जणांशी त्याचं पटत नव्हतं. कच्च्या वहीत त्यांच्याबद्दलचा त्याचा संताप उघडानागडा आहे, पक्क्या वहीत तो निवळलेला दिसतो. दोन्ही मजकूर शेजारी ठेवल्यावर विस्निकी यांनी एक शक्यता मांडली: त्या दिवसांतल्या हिंसेत आपल्याच माणसांचा हात असेल, अशी धास्ती लिव्हिंगस्टनला होती आणि उतरवून घेताना त्याने ती बाजूला सारली. लक्षात घ्या, ही शक्यता आहे. संशोधकाने काढलेला अर्थ आहे, न्यायालयाचा निकाल नाही.

इथे दोन प्रकारचे वाचक लगेच टोपी उडवतात. पहिले म्हणतात, बघा, मिशनरी ढोंगीच होता. दुसरे म्हणतात, संताच्या वह्या उकरून काय मिळवलंत? आपल्याकडे मिशनरी हा शब्द उच्चारला की चर्चा या दोनच फाट्यांवर जाते, म्हणून मुद्दाम सांगते. माझं मत वेगळं आहे. कच्च्या वहीमुळे न्यांग्वेची साक्ष कमजोर होत नाही. गोळीबार, बुडालेली माणसं, जळणारी गावं, हा गाभा दोन्हीकडे आहे. बदललेलं आहे ते साक्षीदाराचं स्वतःचं स्थान. पक्क्या वहीत तो काठावर उभा राहून बघणारा हताश भला माणूस आहे. कच्च्या वहीत तो त्याच व्यवस्थेच्या आत अडकलेला, आजारी, चिडका, परावलंबी माणूस आहे. मला दुसऱ्याचा शब्द जास्त विश्वासार्ह वाटतो, कारण स्वतःला अडचणीत आणणारं लिहिण्यात त्याचा काही फायदा नव्हता. साहित्य म्हणूनही कच्ची वहीच उजवी. पक्क्या वहीत वाक्यं नीट बसतात, पण तापाने फणफणलेला माणूस त्यातून नाहीसा होतो.

लुआलाबाचंही तसंच. ही नदीच नाईलचा वरचा भाग आहे, हे तो धरून चालला होता. ती निघाली काँगो, हे १८७७ मध्ये स्टॅनलीने दाखवलं. लिव्हिंगस्टनला शंका येत होत्या, पण सुटी निरीक्षणं तो नाईलच्या चौकटीत बसवत राहिला. गृहीतकावर जीव जडला की काय होतं, याचा हा मासला आहे.

आता या पुस्तकाशी माझं सगळ्यात मोठं भांडण, आणि ते थेट आपल्या नाशिकशी जोडलेलं आहे. शरणपूर रोड माहीत असेल. त्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि तिथे एक आफ्रिकन आश्रमशाळा होती. इंग्रजी आरमाराने समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली जायची, त्यातली काही नाशिकला शिकायला यायची. १८६५ मध्ये लिव्हिंगस्टन मुंबईला आला तेव्हा त्याने इथून नऊ जण बरोबर घेतले. चुमा नावाचा आणखी एक, लिव्हिंगस्टननेच पूर्वी आणून मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलेला, तोही निघाला. पुढे १८७२ मध्ये स्टॅनलीने पाठवलेल्या तुकडीत नाशिकचाच जेकब वेनराइट होता.

पुस्तकात हे सगळे 'नासिक बॉइज'. मोठे झालेले पुरुष, पण 'बॉइज'! लिव्हिंगस्टन त्यांच्याबद्दल लिहितो ते बहुतेक वेळा कुरकुर करायला. आळशी आहेत, ऐकत नाहीत. ते काय म्हणत होते हे दोन्ही खंडांत शोधून बघा, हाती फारसं लागत नाही. आणि तो वारल्यावर याच लोकांनी, चुमा आणि सुसी यांच्या नेतृत्वाखाली, त्याचं शरीर मिठाने आणि उन्हाने वाळवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत नेलं. वाटेत इंग्रज अधिकारी कॅमेरॉन भेटला, त्याने इथेच पुरा असं सुचवलं. ते ऐकले नाहीत. शरीराबरोबर वह्याही आल्या. आपण ज्या डेटावर बोलतोय तो शाबूत राहिला तो त्यांच्यामुळे. लंडनमध्ये ओळख पटली ती सिंहाने चावलेल्या डाव्या दंडाच्या हाडावरून. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, तेव्हा शवपेटीसोबत वेनराइट होता. चुमा आणि सुसी त्यानंतर पोचले.

मृत्यूचा प्रसंग पुस्तकात फार प्रसिद्ध आहे: पहाटे झोपडीत पाहिलं तर लिव्हिंगस्टन पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थनेच्या स्थितीत गेलेला. हे सांगितलं चुमा आणि सुसीने, लिहिलं वॉलरने. त्यांचे शब्द कुठे संपतात आणि वॉलरचे कुठे सुरू होतात, याची रेघ पुस्तकात ओढलेली नाही. मरणासन्न आजारी माणूस उठायच्या प्रयत्नात पलंगाशी कोसळला असेल, हेही त्याच दृश्यातून निघू शकतं. निरीक्षण एक, अर्थ दोन, आणि वॉलरने छापला एकच.

तारखेचंही बघा. पुस्तकात आणि ॲबेतल्या शिळेवर १ मे १८७३. चितांबोच्या ज्या झाडाखाली त्याचं हृदय पुरलं, त्याच्या खोडावर वेनराइटने कोरली ती तारीख ४ मे. तिथे हजर असलेला, लिहिता-वाचता येणारा माणूस एक तारीख कोरतो आणि लंडनमधला संपादक दुसरी छापतो. तरी शिळेवर कोणाची आली, बघा.

वेनराइटने स्वतःही डायरी लिहिली होती. १८७४ मध्ये तिचा जर्मन अनुवाद एका भूगोलाच्या नियतकालिकात आला. त्याचं मूळ इंग्रजी हस्तलिखित आता लिव्हिंगस्टन ऑनलाइन या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. १८७१ ची कच्ची वही, पक्की वही आणि वॉलरचे खंडही इंटरनेटवर आहेत. ज्यांना करून बघायचं असेल त्यांनी जुलै १८७१ ची पानं घ्यावीत. तिन्ही मजकूर तीन रकान्यांत उतरवा आणि जिथे शब्द बदललाय तिथे फक्त खूण करा, कारण लगेच लिहू नका. एका आठवड्याचं काम आहे, लॅपटॉप आणि बऱ्यापैकी नेट असलं की झालं. वेनराइटची डायरी मात्र त्यानंतर, वेगळी बसून वाचा. ती लहान आहे, आणि तिच्यात नाशिकला शिकलेला माणूस स्वतः बोलतो.