पडदा पडल्यानंतरची भाऊबंदकी

राघोबादादांची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आनंदीबाईंच्या नावावर ‘ध’चा ‘मा’ कायमचा चिकटला आणि रामशास्त्री प्रभुणे हे नाव न्यायाचे दुसरे नाव होऊन बसले. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९ साली हा सारा प्रसंग रंगभूमीवर उभा केला. पुढे ‘स्वामी’ने १९६२ साली त्याआधीचा काका-पुतण्यांचा कलह घरोघरी पोहोचवला. दोन्ही कृती मोठ्या आहेत. त्यांच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते आपल्या वाचकांच्या आवडीशी. आपल्याला वाड्यातले रक्त आवडते, पाप आवडते, शापवाणी आवडते. तहनामा मात्र आवडत नाही. तो शाळेत सनावळीसह पाठ करायचा आणि परीक्षेनंतर विसरायचा! वास्तविक खरे नाटक तिथूनच सुरू होते. घरातले भांडण मिटवायला शेजारी उंबरठा ओलांडून आत येतो, तो क्षण आपल्या वाङ्मयाने जवळजवळ सोडूनच दिला आहे.

तो उंबरठा कोठला? ठाण्याचा. १७७४ च्या डिसेंबरअखेर मुंबईकर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. आज त्याच किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. पेशव्यांशी तेव्हा त्यांचे युद्ध नव्हते. पोर्तुगीज साष्टी परत घेणार अशी आवई उठली होती, तेवढे निमित्त त्यांना पुरले. आधी किल्ला घेतला, मग कागद केला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला. राघोबांनी साष्टी आणि वसई द्यावी, इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, असा सौदा ठरला. बारभाईंच्या विरुद्ध जाणारा हा मदतीचा हात आधीच खिशात गेलेला होता.

पुढची हकीकत एखाद्या चतुर कादंबरीकारालाही सुचणार नाही. कलकत्तेकर इंग्रजांनी मुंबईकरांचा हा तह रद्द ठरवला आणि कर्नल अप्टनला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरला बारभाईंशी दुसरा तह केला. राघोबांनी पेन्शन घेऊन कोपरगावी बसावे असे ठरले. तह रद्द झाला, पण साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली! मुंबईकरांनी तोही कागद बाजूला सारला, राघोबांना आसरा दिला आणि त्यांना घेऊन पुण्यावर चाल केली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांची फौज कोंडली गेली, तेव्हा साष्टी परत देण्याचे त्यांनी लिहून दिले. जीव वाचताच मुंबई आणि कलकत्ता दोघांनीही ते नाकारले. पाच वर्षांत तीन तह झाले, आणि प्रत्येक वेळी सही करणारा एक आणि मोडणारा दुसरा. १७८० साली युद्ध कल्याणात आले, वर्षअखेर वसई पडली.

ही रीत अठराव्या शतकाबरोबर संपली असे ज्यांना वाटते, त्यांनी आफ्रिकेकडे पाहावे. अंगोलात १९९१ साली यादवी थांबवणारा करार झाला. त्याचे साक्षीदार होते अमेरिका, सोव्हिएट संघ आणि पोर्तुगाल. त्यांतल्या पहिल्या दोघांनी काल-परवापर्यंत एकेका पक्षाला शस्त्रे पुरवली होती. १९९२ च्या निवडणुकीत हरलेल्या साविंबीने निकाल नाकारला आणि युद्ध पुन्हा पेटले, ते २००२ साली तो मारला गेल्यावर विझले. रवांडात ऑगस्ट १९९३ चा करार एप्रिल १९९४ मध्ये रक्तात बुडाला. कत्तल चालू असताना सुरक्षा परिषदेने सुमारे अडीच हजारांची शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला! मुंबईकरांसारखा स्वार्थी पाहुणा वाईट खरा. पण आग लागल्यावर निघून जाणारा पाहुणा त्याहून बरा म्हणावा काय?

मग तह टिकतो कशाने? आपल्याच इतिहासात उत्तर आहे. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला तह झाला आणि त्याला महादजी शिंदे जामीन राहिले. महादजी काही विरक्त नव्हते; उत्तरेत मोकळे रान मिळावे हा त्यांचा हेतू उघड होता. परंतु ते इथलेच होते, उद्याही इथेच राहणार होते आणि दोन्ही पक्षांना त्यांचा वचक होता. ती शांतता वीस वर्षे टिकली. जामीन निःस्वार्थी असलाच पाहिजे असे नाही. तो उठून जाणारा नसावा.

सिएरा लिओनने हेच दाखवले. जुलै १९९९ च्या लोमे करारानंतर मे २००० मध्ये बंडखोरांनी शांतिसेनेचे शेकडो सैनिक ओलीस धरले. कैलाहूनला दोनशेंहून अधिक भारतीय जवान वेढ्यात अडकले; जुलैत ‘खुकरी’ मोहिमेने त्यांना सोडवले. या खेपेस जग निघून गेले नाही. सुमारे १७,००० सैनिक तेथे उभे राहिले आणि जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले.

मात्र टिकलेल्या तहाचेही गुणगान जपून करावे. लोमे कराराने बंडखोरांना माफी दिली आणि त्यांच्या म्होरक्याला खनिज संपत्तीच्या मंडळाचे अध्यक्षपद दिले. ज्यांचे हात तोडले गेले होते त्यांना कोणी विचारले नाही. सालबाईनेही साष्टीच्या शेतकऱ्याला, कोळ्याला कोठे विचारले? वसई परत आली. ठाणे गेले ते गेलेच. १८१७ पर्यंत खाडीच्या एका काठाला कंपनी आणि दुसऱ्या काठाला पेशवे, अशी सरहद्द राहिली. डोंबिवली-कल्याणहून लोकलने ठाण्याला येणारा माणूस कळव्यानंतर ती रोज ओलांडतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते!

ठाऊक कसे असणार? आपल्या कादंबऱ्यांत वाडा आहे, छावणी आहे, देवघर आहे. खाडीकाठचे हे माणूस नाही. धन्यांच्या भांडणात आपले गाव कोणाच्या पदरात पडले हे दवंडीवरून कळणारा शेतकरी, किंवा एका रात्रीत परक्या मुलखात गेलेल्या माहेराकडे पाहत उभी राहिलेली लेक, हे विषय आनंदीबाईंच्या अक्षराहून लहान नाहीत. खुनाची गोष्ट आपल्याला एका पाप्याकडे बोट दाखवू देते आणि मन हलके करते. तहाची गोष्ट विचारते की शेजाऱ्याला दार कोणी उघडले आणि त्याचे भाडे कोणी भरले.

हा प्रश्न त्या काळी कोणी नीट विचारला नाही. म्हणूनच ३१ डिसेंबर १८०२ रोजी, होळकरांच्या भयाने पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. बाप ज्या दाराशी गेला होता, त्याच दाराशी मुलगा गेला. फरक इतकाच, की या वेळी तह मोडला नाही, राज्य मोडले.