बांबूच्या पात्याची तलवार

समुराई चित्रपटांची गोडी इतकी का टिकली, असे कुणी विचारले की उत्तर बहुधा तलवारीपासूनच सुरू होते. तोशिरो मिफुनेची ती खांदे उडवत चालण्याची ढब, पावसाचिखलातली लढाई, क्षणात म्यानाबाहेर येऊन परत म्यानात जाणारे पाते. हे उत्तर खोटे नाही. अकिरा कुरोसावा यांच्या ‘संजुरो’मधले (१९६२) शेवटचे द्वंद्व मी किती वेळा पाहिले, सांगता येणार नाही. दोन माणसे बराच वेळ नुसती समोरासमोर उभी राहतात आणि मग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे संपते. पण निव्वळ तलवारबाजीवर चित्रपट साठ-सत्तर वर्षे जगत नाही. त्या काळी जपानमध्ये तलवारपट ढिगाने निघाले आणि त्यांतले बहुतेक विसरले गेले. जे उरले त्यांच्याकडे नीट पाहताना मला एक विलक्षण गोष्ट दिसली. वेगवेगळ्या पिढ्यांतल्या तीन दिग्दर्शकांच्या तीन चित्रपटांत समुराईच्या म्यानात पोलादाचे पाते नाहीच. तिथे बांबू आहे.

पहिला चित्रपट सादाओ यामानाका यांचा, १९३७ सालचा. इंग्रजीत तो ‘ह्यूमॅनिटी अँड पेपर बलून्स’ या नावाने ओळखला जातो. एदो शहरातली, म्हणजे जुन्या तोक्योतली, एक चाळ. हो, चाळच, दुसरा शब्द तिला शोभत नाही. सकाळी बातमी येते की चाळीतल्या एका म्हाताऱ्या समुराईने गळफास घेतला. शेजाऱ्यांत चर्चा सुरू होते, की समुराईने पोट चिरून मरायचे, हा फासावर कसा लटकला? कारण साधे असते. तांदळासाठी त्याने पाते विकले होते आणि म्यानात बांबू घालून ठेवला होता. पुढे चित्रपट त्याच चाळीतल्या दुसऱ्या बेकार समुराईकडे वळतो. बापाच्या उपकारांची आठवण देऊन नोकरी मिळेल या आशेने तो एका बड्या अधिकाऱ्याच्या वाटेवर रोज उभा राहतो, रोज हाकलला जातो आणि घरी येऊन बायकोला थापा मारतो. बायको घरी बसून कागदी फुगे बनवते. त्यांवर घर चालते. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच सुमारास यामानाकांना सैन्याचे बोलावणे आले आणि पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते चीनमध्ये आजाराने वारले. त्यांचे तीनच चित्रपट आज उरले आहेत.

आता हा बेकार समुराई आला कुठून, ते थोडक्यात सांगायला हवे. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर तोकुगावा घराण्याची सत्ता बसली आणि देशात दीर्घ शांतता आली. लढण्यासाठीच वाढवलेल्या माणसांना शांतता महागात पडली. सरदारांची घराणी बरखास्त झाली की त्यांचे चाकर रस्त्यावर येत. धनी नसलेल्या अशा समुराईला ‘रोनिन’ म्हणत. हातात मान, पोटात भूक. कुरोसावांच्या ‘सेव्हन समुराई’चा (१९५४) काळ सेकिगाहाराच्याही आधीचा, पण त्याची सगळी रचना या भुकेवरच उभी आहे. लुटारूंनी गांजलेले शेतकरी म्हाताऱ्या पाटलाला विचारतात की आमच्याकडे द्यायला काही नाही, समुराई कसे येतील? तो म्हणतो, भुकेले शोधा. मजुरी काय, तर भात. तो देता यावा म्हणून शेतकरी स्वतः भरड धान्य खातात. या चित्रपटावरून हॉलिवूडने १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसेंट सेव्हन’ काढला, आपल्याकडे १९९८ मध्ये ‘चायना गेट’ आला. दोन्हींत घोडे, बंदुका, शौर्य सगळे आले. त्या भाताच्या वाटीचे वजन मात्र आले नाही, असे मला वाटते.

उर्दूत ‘सफेदपोश’ असा एक शब्द आहे. अर्थ पांढऱ्या कपड्यांतला. घरात चूल पेटलेली नसली तरी बाहेर पडताना कुर्त्याची इस्त्री मोडू न देणारा माणूस. मराठीत त्याला नेमका एक शब्द मला सापडलेला नाही. बी.एड. झाल्यावर मी काही वर्षे एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होतो. पगार कधी अर्धा मिळे, कधी तोही नाही. मनगटावर वडिलांचे घड्याळ असे. ते केव्हाच बंद पडले होते आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. तरी तासाला जाताना मी ते बांधत असे आणि कुणी वेळ विचारलीच तर भिंतीवरच्या घड्याळाकडे चोरून पाहून सांगत असे. मासाकी कोबायाशी यांचा ‘हाराकिरी’ (१९६२) मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तलवारीच्या जागी ते घड्याळ दिसले.

या तिघांत ‘हाराकिरी’ सर्वांत थोर, याविषयी माझ्या मनात शंका नाही. साल १६३०. हिरोशिमाच्या फुकुशिमा घराण्याची जहागीर १६१९ मध्ये गेली. त्या घराण्याचा एक मध्यमवयीन रोनिन, त्सुगुमो हानशिरो, इई सरदाराच्या वाड्यावर येतो आणि अंगणात सन्मानाने पोट चिरून मरण्याची परवानगी मागतो. त्या काळी काही रोनिन असे सांगत येत आणि चार पैसे हातावर टेकवले की निघून जात. वाड्याचा कारभारी त्याला घाबरवण्यासाठी आधी आलेल्या एका तरुणाची, मोतोमेची, हकीकत ऐकवतो. त्या तरुणाला धडा शिकवायचा म्हणून वाड्याने त्याचे बोलणे खरे मानले. त्याने एक-दोन दिवसांची मुदत मागितली, ती दिली नाही. त्याच्या तलवारी बांबूच्या निघाल्या. तेव्हा त्याला त्या बांबूनेच पोट चिरायला लावले. हे दृश्य बघवत नाही आणि कोबायाशी कॅमेरा लवकर हलवतही नाहीत. भोवती सगळे रीतीप्रमाणे चालले आहे. वाळू नीट सारवलेली, माणसे ओळीत बसलेली, प्रत्येक शब्द अदबीचा. क्रौर्य इतके शिस्तशीर असू शकते, हे मी दुसऱ्या कुठल्या चित्रपटात पाहिले नाही.

मग हानशिरो आपली बाजू सांगू लागतो. मोतोमे त्याचा जावई. मुलांना शिकवून तो घर चालवत होता. (एका मास्तराला हे दृश्य जरा जास्तच लागते, हे कबूल करतो.) बायको क्षयाने खंगली, तान्हे मूल तापाने फणफणले, वैद्याला द्यायला पैसे नाहीत. मुदत मागितली होती ती घरी सांगून परत येण्यासाठी. वाड्यावरचे लोक प्रेत घरी आणून टाकतात आणि बांबूची पाती दाखवून हिणवतात, तेव्हा हानशिरोला पहिल्यांदा कळते की पोराने बायकोसाठी आपली पाती केव्हाच विकली होती. त्याची स्वतःची तलवार मात्र भिंतीशी शाबूत आहे. घरातले लेकरू मरत असताना ती विकण्याचा विचारही आपल्याला शिवला नाही, हे त्याला उमगते. तो ती तलवार भिरकावून देतो आणि रडतो. समुराईपटांत नायकाचा पराभव पुष्कळदा होतो, पण आपली तलवारच आपला गुन्हा आहे असे ओळखणारा नायक विरळा.

हे सगळे उगाच घडलेले नाही. कोबायाशी १९४२ मध्ये सैन्यात भरती केले गेले, मांचुरियात राहिले आणि तिथे त्यांनी बढती नाकारली. शेवटपर्यंत साधे शिपाई राहिले. धन्यासाठी मरण्याची थोरवी त्यांच्या पिढीला बराकीत पाठ करायला लावली होती. युद्धानंतर अमेरिकी प्रशासनाने सरंजामी निष्ठेचे गोडवे गाणाऱ्या तलवारपटांवर निर्बंध घातले. ते १९५२ पर्यंत टिकले. निर्बंध उठल्यावर तलवारी परत आल्या, पण उत्तम दिग्दर्शकांच्या हातात त्या परत आल्या त्या प्रश्न विचारायला. अमेरिकी प्रशासनाला बंदी घालून जे साधले नाही ते कोबायाशींनी तलवार दाखवून साधले.

‘हाराकिरी’ सुरू होतो तो वाड्याच्या रोजनिशीने आणि संपतोही तिनेच. हानशिरो वाड्यात शिरलेल्या घराण्याच्या इभ्रतीचा मुखवटा फाडतो, पूर्वजांचे पोकळ चिलखत उचलून आपटतो आणि शेवटी बंदुकांपुढे पडतो. तलवारीपुढे नव्हे, बंदुकांपुढे. ‘सेव्हन समुराई’तले चारही वीर असेच गोळीने मरतात. पण रोजनिशीत काय लिहिले जाते? हानशिरोने रीतसर पोट चिरले. वाड्याची जी माणसे मेली ती आजाराने मेली. घराण्याची कीर्ती वाढली. बाहेर नोकर रक्त धुताना वाळूत पडलेली एक कापलेली शेंडी उचलतो आणि बादलीत टाकतो. सरकारी कागद आणि घडलेली गोष्ट यांतले अंतर इतक्या कमी चित्रांत कुणी क्वचितच सांगितले असेल.

तिसरा बांबू चाळीस वर्षांनी भेटतो, योजी यामादा यांच्या ‘ट्वायलाइट समुराई’त (२००२). काळ समुराईंच्या अस्ताचा. सेइबेई हा वखारीतला कारकून, पन्नास कोकूंचा तुटपुंजा तनखा. बायको क्षयाने गेलेली, दोन लहान मुली, विसरभोळी आई. दिवेलागणीला तो सरळ घरी जातो, सोबत्यांबरोबर प्यायला थांबत नाही, म्हणून त्याला ‘संध्याकाळ’ असे नाव पडलेले. रात्री तो किड्यांसाठी पिंजरे विणतो. वरिष्ठांच्या हुकमाने तो एका बंडखोराला मारायला जातो. दोघे अंधाऱ्या घरात बसून आपापल्या बायका-पोरींच्या आजारांविषयी बोलतात, जणू सोयरे भेटलेत. बायकोच्या अंत्यविधीसाठी लांब तलवार विकली, ही बांबूची आहे, असे सेइबेई सहज बोलून जातो आणि तिथेच घोटाळा होतो. समोरचा चवताळतो. मरण त्याला चालले असते, बांबू चालत नाही.

यामादा कोबायाशींइतके निर्दय नाहीत. चित्रपट काही ठिकाणी जरा जास्तच गोड होतो. पण सेइबेईचे काम करणारे हिरोयुकी सानादा यांनी पेललेला थकवा खरा आहे. याच सानादांची ‘शोगुन’ ही मालिका २०२४ मध्ये १८ एमी पारितोषिके घेऊन गेली. तिथे ते मोठे सरदार आहेत, अंगावर उंची वस्त्रे आहेत. मालिका भव्य आहे. मला मात्र पिंजरे विणणारे सानादा अधिक आठवतात.

त्यांच्या त्या घरातला एक प्रसंग. मोठी मुलगी पुस्तक वाचता वाचता विचारते की शिवण शिकले तर कपडे शिवता येतील, हे वाचून काय मिळणार? बाप पिंजरा विणताना थांबतो आणि सांगतो की वाचलेस तर विचार करता येईल, आणि जग कसेही बदलले तरी तुला तग धरता येईल. सेइबेईची ही गोष्ट कुठल्याही घराण्याच्या रोजनिशीत नाही. ती आपल्याला सांगते त्याची धाकटी मुलगी, म्हातारपणी, त्याच्या कबरीपाशी उभी राहून. माझ्या वडिलांना लोक दुर्दैवी म्हणत, ती म्हणते; मला तसे वाटत नाही.