प्रार्थना तपासायची कशी? टिळकांची ‘अभंगांजली’ आणि आपली सिनॉप्सिस

सिनॉप्सिस मांडायला उभा होतो तेव्हा समितीतल्या एका सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, “वैयक्तिक प्रार्थना हा संशोधनाचा विषय कसा काय? माणूस मनात देवाशी काय बोलतो ते तुम्ही तपासणार कुठून?” मी तुकाराम, प्रभाव, भक्तिपरंपरा असं काहीबाही बोलून वेळ मारून नेली. प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकीचं होतं. पेटची तयारी करणाऱ्या काही जणांनी अलीकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांवर विषय घ्यावा का असं विचारलं, म्हणून ते उत्तर आता नीट लिहून काढतो.

टिळकांवर लिहायचं म्हटलं की आपण सगळे एकाच वाटेने जातो. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत, तेवढं धरायचं आणि वहीत दोन रकाने आखायचे. तिकडे विठ्ठल माउली, इकडे ख्रिस्त माउली. तिकडे अभंगाचा छंद, इकडेही तोच. जुळलं, झालं तिसरं प्रकरण तयार! मीही असा तक्ता केला होता, चांगला चार पानांचा. त्यातून शब्द कुठून आले ते कळतं, पण त्या शब्दांनी माणूस काय करतोय ते मात्र कळत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा आणि मृत्यू १९१९चा. मधली २४ वर्षं हा माणूस प्रार्थना करत होता, आणि आपला तक्ता मात्र बाप्तिस्म्यापाशीच थांबतो.

मग ‘अभंगांजली’ पुन्हा वाचली. या वेळी प्रत्येक अभंगाला दोनच प्रश्न विचारले. हा कोणाशी बोलतोय? आणि काय मागतोय? यात नवीन काही नाही. आपल्याकडे संतांचे अभंग करुणापर, उपदेशपर असे वेगळे लावायची रीत जुनीच आहे. पण टिळकांवर लिहिताना आपण ती विसरतो आणि ख्रिस्ताचं नाव आलं की रचना ‘प्रार्थनापर’ या एकाच डब्यात टाकतो. क्रुसावरचा ख्रिस्त तू पाहिलास का, असं विचारणारी त्यांची एक प्रसिद्ध रचना आहे. तिथे समोर देव नाही, श्रोता आहे. ते आवाहन आहे, प्रार्थना नव्हे. अशा रचना समूहात गायला छान लागतात, रविवारच्या उपासनेत पेटी-ढोलकीवर तर फारच. पण वैयक्तिक प्रार्थनेचा पुरावा म्हणून त्या कमी कामाच्या. माझं मत विचाराल तर टिळकांमधला उपदेशक पुढे आला की कवी जरा मागे सरतो.

दुसरा प्रश्न जास्त कामाचा निघाला. ज्या अभंगांत टिळक खरोखर ख्रिस्ताशी बोलतात तिथलं मागणं वेगळंच आहे. जितका तू लाभतोस तितकी तहान वाढते, चंद्र आणि त्याचं चांदणं जसं वेगळं काढता येत नाही तसं तुझं-माझं व्हावं, अशा अर्थाची ती बोलणी आहेत. नोकरी, पैसा, आजारातून सुटका यातलं इथे काही मागितलेलं नाही. देणाऱ्यालाच मागितलंय. आपल्या खानदेशात नवस म्हटलं की चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेली माणसं आठवतात. नवसाला शेवट असतो. काम झालं, नवस फेडला, हिशेब मिटला. (यात कमीपणा काही नाही, शब्द पाळणं ही मोठी गोष्ट आहे.) टिळकांच्या या अभंगांत हिशेब मिटतच नाही, मिळालं की मागणं वाढतं. ख्रिस्ती घरातली रोजची प्रार्थना बहुतेक वेळा नवसाच्याच जवळची असते, हे मी घरचा म्हणून सांगतो. नेटच्या आदल्या रात्रीची माझी स्वतःची प्रार्थना या कसोटीवर लावली तर ती निव्वळ यादी निघेल.

इथे एक सावधगिरी. ‘टिळकांची प्रार्थना पुढे खोल होत गेली’ असं वाक्य लिहायचा मोह होतो. मी लिहिलंही, मग खोडलं. संग्रहातला क्रम हा लिहिण्याचा क्रम असतोच असं नाही. प्रत्येक अभंगाची तारीख हाती नसेल तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ हे शब्द वापरू नका. ‘दोन प्रकारचं मागणं दिसतं’ एवढंच म्हणता येतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

आधी-नंतरचा क्रम हवाच असेल तर तो लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडतो. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं हे पुस्तक आपल्याकडे बालकवींसाठी हटकून उघडलं जातं, कारण १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेले धरणगावचे ठोंबरे पुढे टिळकांच्या घरी राहिले. ती पानं गोड आहेतच. पण आपल्या विषयाला लागणारी पानं त्याआधीची आहेत. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई काही वर्षं वेगळी राहते, परत आल्यावरही सोवळं सोडत नाही, पाणीसुद्धा वेगळं ठेवते. आणि मग एके दिवशी स्वतःशीच विचार करता करता तिला पटतं की जाती देवाने केलेल्या नाहीत, आणि ती कोणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होते. बाप्तिस्मा त्याच्या नंतरचा. तिथे ‘हे प्रभो’ अशी हाक नाही, डोळे मिटलेले नाहीत. तरी मी तो प्रसंग प्रार्थनेच्या प्रकरणात घेणार आहे, कारण आतलं बोलणं पाण्याच्या तांब्यापर्यंत पोचलेलं दिसतं, आणि तांब्या तपासता येतो.

नवरा गेल्यावर त्याचं अर्धवट ‘ख्रिस्तायन’ याच बाईने हाती घेतलं. टिळकांचे दहा-अकरा अध्याय झाले होते, पुढचे साठाहून जास्त तिचे. शाळेत न गेलेल्या बाईचे! त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पुढच्या बैठकीत सरांना एवढंच सांगितलं की मन तपासणार नाही, मागणं तपासणार. ते म्हणाले, “मग शीर्षक बदला.” बदललं.