झाडांची नावे आणि माणसांची कुळे

काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका परिचितांच्या घरी लग्नाला गेलो होतो. देवक बसवायचे होते. घराण्याचे देवक कळंबाचे. घरातल्या आजीबाईंनी ते ठासून सांगितले; पण कळंब ओळखायचा कसा, हे त्या भरल्या घरात एकालाही सांगता येईना. अखेर कोणीतरी एक हिरवीगार डहाळी आणली. ती कशाची होती हे मी विचारले नाही. दुसऱ्या कोणी विचारले नाही. हळदकुंकू वाहिले गेले, कार्य निर्विघ्न पार पडले. माझ्या मनात मात्र रुखरुख राहिली. शब्द उरला होता, झाड हरवले होते.

टोल्किनच्या ग्रंथांकडे मी पुन्हा वळलो तो या रुखरुखीमुळे. हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक (१८९२–१९७३) आपल्याकडे अद्भुतरम्य कथांचा लेखक म्हणून ओळखला जातो. त्याचे स्वतःचे सांगणे निराळे होते. त्याने आधी भाषा रचल्या, आणि त्या भाषांना नांदायला जग हवे म्हणून कथा रचल्या. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५ मध्ये आले, ‘द सिल्मरिलियन’ त्याच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये. एल्फ नावाच्या चिरंजीव लोकांच्या दोन भाषा या ग्रंथांत नांदतात. ‘क्वेन्या’ ही जुनी व ग्रांथिक, तर ‘सिंदारिन’ ही बोलती. रचलेली भाषा म्हटली की आपल्याला शब्दांची नुसती यादी आठवते. येथे तसे नाही. येथे शब्दांना वंशावळ आहे.

झाडाचाच शब्द घ्या. मूळ रूप ‘गलदा’. एका भाषेत आरंभीचा ‘ग’ गळाला आणि ‘आल्दा’ झाले. दुसऱ्या भाषेत ‘ग’ टिकला, शेवट झिजला आणि ‘गलध’ झाले. आपल्या कानाला ही रीत परकी नाही. ‘वट’चा वड झाला, ‘उदुंबर’चा उंबर, ‘पिप्पल’चा पिंपळ आणि ‘कदंब’चा कळंब. पेठ वडगाव, बोरपाडळे, चिंचवाड, जांभळी ही आमच्या जिल्ह्यातील गावे नुसती मोठ्याने उच्चारली तरी रानात हिंडून आल्यासारखे वाटते. भाषेला इतिहास असतो म्हणजे तिच्या तोंडातून काही अक्षरे पडलेली असतात. टोल्किनने आपल्या भाषांचे दात हेतुपुरस्सर पाडले, म्हणून त्या म्हाताऱ्या व खऱ्या वाटतात.

याहून सूक्ष्म गोष्ट म्हणजे त्याच्या जगात लोक शब्दांची चुकीची व्युत्पत्तीही करतात. ‘गॅलाड्रिएल’ या राणीच्या नावाचा मूळ अर्थ तेजस्वी मुकुटाशी निगडित आहे. पण ती वृक्षवासी लोकांची राणी. त्यामुळे जुनी भाषा विसरलेल्या परक्यांनी त्या नावात ‘गलध’ म्हणजे झाड ऐकले, आणि उच्चारही तसा वळवला. कोल्हापूरच्या मुलाला हे समजावून सांगावे लागणार नाही. अंबाबाईतली ‘अंबा’ ही संस्कृतातली आई आणि फळातला ‘आंबा’ हा ‘आम्र’चा वंशज, पण लहानपणी देवळाच्या वाटेवर ही दोन नावे एकच नव्हेत असे कोणाला वाटले होते? लोकांच्या या गोड चुकीला आपल्या कोशात जागा देणारा लेखक भाषा जाणतो, एवढेच म्हणून थांबता येत नाही. तो माणूसही जाणतो.

आता लोकांची नावे. एल्फ स्वतःला ‘क्वेंदी’ म्हणतात, म्हणजे वाणीने बोलणारे. जागे झाल्यावर त्यांना दुसरे बोलणारे कोणी भेटले नव्हते. आपल्या परंपरेत याची उलट बाजू आहे: अस्फुट बोलतो तो ‘म्लेच्छ’. आपण बोलतो आणि परका बडबडतो, ही समजूत अनेक जमातींची असावी. पुढे या क्वेंदींचे भेद पडतात ते झाडांवरून. पश्चिमेच्या देवभूमीत दोन वृक्ष होते, एक रुपेरी आणि एक सोनेरी. त्यांचा प्रकाश ज्यांनी पाहिला ते ‘प्रकाशाचे’. ज्यांनी पाहिला नाही ते ‘अंधाराचे’. ही नावे कोणी ठेवली, हे सांगायला नको. जे मागे राहिले त्यांनी स्वतःला अंधाराचे खचितच म्हटले नसेल.

झाडावरून माणसांची वाटणी करणे ही केवळ कविकल्पना नाही. देवक दुसरे काय आहे? ज्यांचे देवक एक ते भाऊबंद; त्यांच्यात सोयरीक होत नाही. वनवासीच्या कदंब राजांनी आपले नावच झाडावरून घेतले. पूर्वजांच्या घराजवळ कदंब होता, तो त्यांनी जोपासला, म्हणून कुळ कदंब झाले, असे तालगुंद्याचा शिलालेख सांगतो. आमच्याकडचे कदम आपले नाते त्या नावाशी जोडतात. मला यात एक फरक दिसतो, आणि तो आपल्या बाजूचा आहे. टोल्किनचे वृक्ष लोकांना उच्च आणि नीच ठरवतात. देवकाचे झाड एवढेच सांगते की हा आपला, याच्याशी लग्न नाही. कळंबवाला पिंपळवाल्याहून मोठा, असे देवक म्हणत नाही. माणसे उच्चनीच ठरवण्याची सोय आपण अन्यत्र करून ठेवली आहे, हे वेगळे.

आणि इथेच टोल्किनची उणीव मला जाणवते. त्याचे एल्फ तारे, प्रवास, ज्ञान, करडा रंग यांवरून ओळखले जातात. ठेंगण्या खाणकरी लोकांना ते ‘खुरटे’ म्हणतात, म्हणजे तुच्छता त्यांना अवगत आहे. पण पोटासाठी जे करावे लागते त्यावरून पडलेले नाव त्यांच्यात शोधूनही मिळत नाही. सह्याद्रीत असे लोक आहेत. खैराचे लाकूड उकळून कात काढणारे ते कातकरी. पुढे जंगलाचे कायदे आले, खैर परका झाला, कात सुटला. नाव मात्र चिकटून राहिले. या नावातही एक झाड आहे. पण ते देवाऱ्यात ठेवलेले नाही, त्यावर कुऱ्हाड चाललेली आहे, आणि ती कुऱ्हाड ज्याच्या हाती होती त्याला त्या झाडाची मालकी कधी मिळाली नाही. असा शब्द घडवण्यासाठी जी भूक पाहावी लागते, ती चिरंजीवांच्या भाषेत कशी येणार?

तरीही एका प्रसंगापुढे मी ही तक्रार बाजूला ठेवतो. ‘द टू टॉवर्स’मध्ये ब्रेगलाड नावाचा एक वृक्षपाल आहे. त्याच्या लाडक्या रोवन वृक्षांना ऑर्कांनी निष्कारण तोडले. तो तेथे जातो आणि एकेकाला त्याच्या लांबलचक नावाने हाका मारतो. पाने हलत नाहीत. वृक्ष मेलेले आहेत. वृक्षपालांच्या भाषेत नाव म्हणजे त्या वस्तूची सबंध हकीकत. वस्तू जगेल तसे तिचे नाव वाढत जाते. म्हणून ती हाक म्हणजे त्या झाडांचे सबंध चरित्र होते, आणि ऐकणारा कोणी उरला नव्हता.

कोल्हापुरातल्या त्या घरी नेमके याच्या उलट घडले होते. तिथे झाड बहुधा जिवंत होते. पन्हाळ्याच्या वाटेवर नाहीतर एखाद्या ओढ्याच्या काठी आपले चेंडूसारखे गोल फूल घेऊन उभे असेल. त्याला नावाने हाक मारणारा मात्र उरला नव्हता. या दोन मौनांत अधिक वाईट कोणते, हे मला ठरवता येत नाही. इतके कळते की टोल्किनने एक सबंध भाषा रचली ती ज्या भयापोटी, ते भय आमच्या मांडवात येऊन बसले होते, आणि आम्ही त्यालाही अक्षता दिल्या.

पुढच्या पावसाळ्यात मी एका जाणत्या गुराख्याला बरोबर घेतले आणि कळंब पाहून आलो. तो म्हणाला, “हाच की ओ कळंब, रोज तर बघता.” खरेच, रोज बघत होतो.