लाघव आणि अर्थ : एक परीक्षण

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचा 'दि मिनिमलिस्ट प्रोग्रॅम' हा ग्रंथ १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील वाक्यविचारास 'लाघववाद' म्हणण्यास हरकत नाहीं. जुन्या कागदांच्या संग्राहकांस या वादाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. परंतु शब्दाचें रूप आणि त्याचा अर्थ यांचा संबंध काय, हा या वादाचा मूळ प्रश्न आहे. आणि पोथीची वा पत्राची नक्कल करणारास तो ओळीओळींत सोडवावा लागतो.

ग्रंथकाराचा पक्ष थोडक्यांत असा. वाक्य घडविण्यास एकच क्रिया पुरे : दोन पदें घेऊन त्यांचें एक करावें, व तें पुन्हा तिसऱ्याशीं जोडावें. पूर्वी मानलेल्या 'आंतर रचना' व 'बाह्य रचना' या दोन्ही पायऱ्या येथें टाकून दिल्या आहेत. उच्चार आणि अर्थ या दोहोंस ज्याची गरज नाहीं तें व्याकरणांत नको, हें त्याचें सूत्र. ही काटकसर आमच्या वैयाकरणांस परकी नाहीं. अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणारी ती मंडळी. पाणिनीनें सुमारें ४,००० सूत्रांत संस्कृत भाषा बांधली. आणि खुद्द चॉम्स्की यांनीं १९६५ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत पाणिनीचें व्याकरण स्वतःच्या पद्धतीच्या जातीचें मानतां येईल असें म्हटलें आहे.

मतभेद पुढच्या पायरीवर आहे. नामाची कर्तृकर्मदर्शक विभक्ति आणि क्रियापदावरील लिंग, वचन, पुरुष हीं लाघववादाच्या मतें अर्थशून्य चिन्हें होत. परस्परांशीं जुळवून, अर्थापर्यंत पोंचण्यापूर्वीं तीं पुसून टाकावीं लागतात. पाणिनि अर्थापासूनच निघतो. कर्ता कोण व कर्म कोणतें हें प्रथम ठरतें. मग नियम असा कीं, क्रियापदाच्या प्रत्ययानें जें कारक सांगितलें तें विभक्तीनें पुन्हा सांगूं नये. जें सांगितलें नाहीं तें मात्र सांगावें. हेंहि लाघवच, पण येथें अर्थाची वांटणी होते, कोणतेंहि चिन्ह निरर्थक ठरत नाहीं.

मराठीच्या कसोटीवर हें पाहावें. 'राम पोथी वाचतो' यांत क्रियापद रामास अनुसरतें, म्हणून राम प्रथमेंत. 'रामानें पोथी वाचली' यांत तें पोथीकडे वळलें. कर्ता अनुक्त राहिला, म्हणून त्यास 'नें' लागला. 'रामानें रावणास मारिलें' यांत क्रियापद कोणासच अनुसरत नाहीं, म्हणून दोघांसहि प्रत्यय. लाघववादी म्हणतील कीं, कांहीं विभक्ति अर्थाशीं बांधलेल्या असतात हें आम्हांसहि मान्य आहे, व 'नें' त्यांतलाच. परंतु पहिल्या व दुसऱ्या वाक्यांत राम सारखाच कर्ता आहे. एकदां प्रत्यय कां आणि एकदां कां नाहीं, याचें उत्तर एकट्या 'नें'च्या अर्थांत सांपडत नाहीं. तें क्रियापदाशीं झालेल्या वांटणींत सांपडतें.

आक्षेप एकच उरतो. आज 'मी पोथी वाचतो' आणि 'मी पोथी वाचली' अशीं दोन्ही वाक्यें लिहिलीं जातात. अनुक्त कर्त्याचा प्रत्यय कोठें गेला? उत्तर जुन्या कागदांत आहे. तेथें दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांत 'म्यां' अथवा 'मीं' आढळतें, आणि तीं तृतीयेचीं रूपें होत. छापील मराठींतहि 'मीं'वरील अनुस्वार दीर्घकाळ टिकला होता. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि 'मी' व 'मीं' एक झाले. 'पत्र लिहिलें' व 'कागद लिहिले' यांतील क्रियापदांचा भेदहि लेखनांत त्याच वेळीं लोपला.

यावरून संपादकांचें कर्तव्य स्पष्ट होतें. मोडींत अनुस्वार पुष्कळदां गाळलेला असतो. तो पदरचा घालूं नये. परंतु मूळांत असलेला काढणें, किंवा 'म्यां'चें 'मी' करणें, म्हणजे कागदाची साक्षच बदलणें होय. वाचकाच्या सोयीसाठीं केलेल्या अशा सुधारणेनें कोणी काय केलें याचा पुरावा नाहींसा होतो.

ग्रंथ तर्कशुद्ध आहे व अभ्यासनीय आहे. परंतु ज्या चिन्हांस तो अर्थशून्य म्हणतो, त्यांच्याच आधारें आमच्या दप्तरांतील कर्ता आणि कर्म ओळखावें लागतें, हें ध्यानांत ठेवूनच तो वाचावा.