चित्रापूर्वीचे उपकरण : रॉबर्ट हूक यांच्या 'मायक्रोग्राफिया'चा पुनर्विचार

सारांश : रॉबर्ट हूक यांचा 'मायक्रोग्राफिया' (१६६५) हा ग्रंथ आज मुख्यत्वे पेशीच्या शोधासाठी आणि भव्य चित्रांसाठी स्मरला जातो. प्रस्तुत लेखात त्याचे वाचन सूक्ष्मदर्शकीय पुराव्याचा ग्रंथ म्हणून केले आहे. उपकरण, प्रकाश आणि नमुन्याची तयारी यांची नोंद हा चित्राचाच भाग आहे, ही हूक यांची भूमिका ग्रंथाचे खरे सामर्थ्य होय. मात्र त्यांचे चित्रपट्ट ही नोंद झाकून टाकतात. या अंतर्विरोधाच्या आधारे आजच्या जीवविज्ञान संशोधनातील प्रतिमा आणि उपकरणांची निगा यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : सूक्ष्मदर्शक, प्रतिमा, पुरावा, प्रकाशयोजना, उपकरणाची निगा.

प्रस्तावना

जीवविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत रॉबर्ट हूक यांचे नाव बहुधा एका वाक्यापुरते येते : १६६५ मध्ये त्यांनी बुचाच्या कापात पेशी पाहिल्या. हे विधान खरे आहे. परंतु त्यात पाहणाऱ्याचे नाव आहे, पाहिलेली वस्तू आहे, पाहण्याची रीत मात्र नाही. काप कशाने घेतला, तो कशावर ठेवला, प्रकाश कोठून आणला, या प्रश्नांची उत्तरे हूक यांनी स्वतः दिलेली असूनही ती परंपरेने गाळली. विज्ञानाच्या अध्यापनात निष्कर्ष राहतो आणि साधन विस्मृतीत जाते, याचे हे ठळक उदाहरण होय. या विस्मृतीची किंमत केवळ इतिहासाला मोजावी लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखालील प्रतिमा हाच ज्या संशोधनाचा मुख्य पुरावा असतो, तेथे साधनाची नोंद नसेल तर पुराव्याची परीक्षाच अशक्य होते. या दृष्टीने 'मायक्रोग्राफिया'कडे पुन्हा पाहणे अगत्याचे ठरते.

ग्रंथाचे स्वरूप

हूक हे १६६२ पासून लंडनच्या रॉयल सोसायटीचे प्रयोगव्यवस्थापक होते. १६६३ मध्ये सोसायटीने त्यांच्याकडे प्रत्येक सभेत किमान एक सूक्ष्मदर्शकीय निरीक्षण सादर करण्याचे काम सोपविले आणि त्या उपक्रमातून हा ग्रंथ आकारास आला. त्यात ६० निरीक्षणे आणि ३८ चित्रपट्ट आहेत. उघडून पाहावा लागणारा पिसवेचा पट्ट तर सुमारे दीड फूट लांबीचा आहे. सॅम्युअल पेपिस यांनी रात्री दोनपर्यंत जागून हा ग्रंथ वाचल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे.

तथापि ग्रंथाची मांडणी बारकाईने पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. पहिला चित्रपट्ट कोणत्याही जीवाचा नाही. तो उपकरणांचा आहे. सूक्ष्मदर्शक आणि त्याच्या शेजारची दिव्याची व्यवस्था वाचकाला प्रथम दाखविली जाते. पहिले निरीक्षणही सजीवाचे नाही. ते सुईच्या टोकाचे आहे. त्यापाठोपाठ वस्तऱ्याची धार येते. मानवी हाताने घडविलेली अणकुचीदार वस्तू भिंगाखाली बोथट आणि ओबडधोबड दिसते. या प्रारंभाचा सर्वपरिचित अर्थ असा की, निसर्गाची कारागिरी माणसाच्या कारागिरीहून श्रेष्ठ आहे. परंतु आणखी एक अर्थ त्यात दडलेला आहे : सूक्ष्मदर्शक हीदेखील माणसाने घडविलेली वस्तू असून तिच्या दोषांची जाणीव ठेवूनच पुढील पाने वाचली पाहिजेत. हूक यांची प्रस्तावना या दुसऱ्या अर्थाला पुष्टी देते.

प्रस्तावनेतील प्रकाश

या प्रस्तावनेचा मोठा भाग उपकरण आणि प्रकाश यांना वाहिलेला आहे. दक्षिणेकडे उघडणारी एकच खिडकी असलेली खोली, खिडकीपासून तीन-चार फुटांवरील मेज, पाण्याने भरलेला काचेचा गोल किंवा बहिर्गोल भिंग यांच्या साहाय्याने नमुन्यावर एकवटलेला उजेड, प्रखर ऊन सौम्य करण्यासाठी तेल लावलेला कागद, रात्रीच्या कामासाठी दिवा, असे सर्व तपशील तेथे आहेत. एखाद्या भागाचे सूक्ष्म परीक्षण करावयाचे असल्यास मधले भिंग काढून ठेवावे, कारण वक्रीभवने कमी झाली की प्रतिमा अधिक उजळ आणि स्पष्ट मिळते, हेही ते सांगतात. एका डोळ्याने भिंगातून आणि दुसऱ्याने उघड्या मोजपट्टीकडे पाहून विशालन किती झाले हे ठरविण्याची रीतही त्यांनी दिली आहे.

यातील सर्वांत मोलाचे उदाहरण माशीच्या डोळ्याचे आहे. एका प्रकाशात तो छिद्रे पाडलेल्या जाळीसारखा दिसतो. उन्हात सोनेरी खिळे ठोकलेल्या पृष्ठभागासारखा. एका बाजूने पिरॅमिडांनी, तर दुसऱ्या बाजूने शंकूंनी भरल्यासारखा. वस्तू एकच, दर्शने अनेक. म्हणूनच अनेक प्रकाशांत आणि अनेक स्थितींत परीक्षण करून खरे रूप उमगल्याखेरीज चित्र काढावयास घेतले नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. प्रतिमा ही वस्तूतून आपोआप उमटत नाही. ती वस्तू, भिंग आणि प्रकाश यांच्या संबंधातून घडते, हे सूत्र येथे स्पष्टपणे मांडले गेले आहे.

बुचाचा काप : कृती आणि सावधपणा

अठराव्या निरीक्षणातील बुचाचे वर्णन या सूत्राचा उत्तम नमुना आहे. वस्तऱ्याप्रमाणे धार लावलेल्या चाकूने हूक यांनी प्रथम बुचाचा पृष्ठभाग गुळगुळीत केला आणि नंतर अतिशय पातळ काप घेतला. बूच फिकट रंगाचे असल्याने काप काळ्या पट्टिकेवर ठेवला आणि एका सपाट-बहिर्गोल भिंगाने त्यावर प्रकाश टाकला. या तीन कृतींपैकी एक जरी वगळली असती, तरी त्या कप्प्यांची मांडणी इतकी स्पष्ट दिसली नसती. एका घन इंचात असे १२५ कोटींहून अधिक कप्पे मावतात, हे गणितही त्यांनी केले.

याहून महत्त्वाचा आहे तो त्यांचा सावधपणा. वनस्पतींतील अशा कप्प्यांमधून द्रव वाहण्यासाठी हृदयातल्यासारख्या झडपा असाव्यात, अशी त्यांची कल्पना होती. शोध घेऊनही त्या दिसल्या नाहीत. परंतु त्यावरून त्या नाहीतच असे ते म्हणत नाहीत. अधिक चांगला सूक्ष्मदर्शक हाती आलेल्या एखाद्या परिश्रमी निरीक्षकास कदाचित काही आढळेल, असे ते सुचवितात. झडपा कधी सापडल्या नाहीत. मात्र १८७९ मध्ये एडवर्ड टांगल यांनी वनस्पतिपेशींना परस्परांशी जोडणाऱ्या सूक्ष्म जीवद्रव्यतंतूंचे वर्णन केले. 'दिसले नाही' आणि 'नाही' यांतील अंतर उपकरणाच्या मर्यादेने भरलेले असते, हे हूक यांना उमगले होते.

चित्रपट्टांची मर्यादा

असे असले तरी ग्रंथाची एक बाजू टीकेस पात्र ठरते. प्रस्तावनेत अनेक प्रकाशांची आणि अनेक दर्शनांची कबुली देणारे हूक चित्रपट्टांत मात्र एकच अंतिम रूप समोर ठेवतात. पिसवेचे ते चकचकीत, चिलखती शरीर कोणत्याही एका क्षणी भिंगाखाली तसे दिसलेले नाही. ते अनेक निरीक्षणांची जुळणी आहे. कोणता भाग कोणत्या उजेडात पाहिला, कोणता अनुमानाने जोडला, याची खूण पट्टावर आढळत नाही. मुंगीच्या बाबतीत तिला स्थिर ठेवण्यासाठी मद्यात बुडविल्याची आणि तासाभराने ती शुद्धीवर येऊन पळाल्याची हकीगत मजकुरात आहे. परंतु चित्रातील मुंगी ही गुंगीतील मुंगी आहे, हे चित्र सांगत नाही. परिणामी चित्रे ग्रंथापासून सुटी होऊन जगभर गेली आणि प्रस्तावना मागे राहिली. पाठ्यपुस्तकातील ते एकवाक्यी विधान हे याच विभक्ततेचे फलित होय.

डच निरीक्षक आंतोनी व्हान लीवेनहॉक यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. एकभिंगी सूक्ष्मदर्शकातून त्यांनी पाण्यातील सूक्ष्मजीव पाहिले. पण आपली सर्वोत्तम भिंगे घडविण्याची रीत त्यांनी गुप्त ठेवली. त्यामुळे १६७६ च्या त्यांच्या पत्रातील निरीक्षणांवर विश्वास ठेवणे सोसायटीला कठीण गेले आणि १६७७ मध्ये हूक यांनी तसेच जीव प्रत्यक्ष दाखविल्यावरच शंका मिटली. पुढे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूट्रॉन टोमोग्राफीच्या अभ्यासातून असे दिसले की, उट्रेक्ट येथे जतन केलेल्या लीवेनहॉक यांच्या सर्वाधिक शक्तिशाली सूक्ष्मदर्शकातील भिंग वितळलेल्या काचेच्या गोळीचे आहे. आणि तशी गोळी करण्याची कृती हूक यांच्या प्रस्तावनेत छापलेली होती. गुपित साडेतीन शतके टिकले. उघड लिहिलेली कृती मात्र कोणासही वापरता आली.

आजच्या संशोधनातील प्रतिमा

आजच्या शोधनिबंधात हूक यांच्या प्रस्तावनेची जागा 'साधने व पद्धती' या विभागाने घेतली आहे. परंतु २०२० मध्ये 'ईलाइफ' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आठ नियतकालिकांतील २४० संशोधनलेख तपासले असता प्रतिमा कशी मिळविली याची नोंद निकृष्ट असल्याचे आढळले. काही लेखांत ती अजिबात नव्हती. दुसरीकडे, 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'ने २००२ पासून स्वीकृत लेखांतील प्रतिमांची छाननी सुरू केली. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ जैववैद्यकीय लेख तपासले, तेव्हा ३.८ टक्के लेखांत प्रतिमांची अनुचित पुनरुक्ती आढळली.

या दोन प्रकारच्या दोषांपैकी लबाडीची चर्चा अधिक होते. निगेच्या अभावाची होत नाही. वस्तुतः निष्काळजीपणाने बिघडलेली प्रतिमा प्रामाणिक माणसाच्या हातूनही खोटे बोलते. कंडेन्सरचे छिद्र गरजेपेक्षा अधिक मिटले, तर प्रतिमेचा उठाव वाढतो पण विभेदनक्षमता घटते आणि कडांभोवती विवर्तनाच्या रेषा उमटतात. नवख्या विद्यार्थ्याला तेथे नसलेले आवरण दिसू शकते. ऑगस्ट कोलर यांनी १८९३ मध्ये मांडलेली प्रकाशयोजना अशा दोषांवरचा उपाय आहे. तथापि ती प्रत्येक वस्तुभिंगासाठी नव्याने जुळवावी लागते. बहुतेक जैविक वस्तुभिंगे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी घडविलेली असतात. कोरड्या ४० एक्स वस्तुभिंगाला चुकून लागलेले तेल वेळीच पुसले नाही, तर प्रत्येक स्लाइड धूसर दिसते आणि तो धूसरपणा पुढे संगणकावर 'सुधारला' जातो. प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकातील पारंपरिक १०० वॅटच्या पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य सुमारे २०० तासांचे. तो जुना होताना मंदावतो. तासांची नोंद नसेल, तर दोन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या प्रतिमांच्या तेजाची तुलना व्यर्थ ठरते.

कोकण आणि गोव्यातील महाविद्यालयांत पावसाळा हा भिंगांचा शत्रू असतो. लाकडी पेटीत बंद करून ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी चढते आणि ती वाढू दिल्यास भिंगावरील लेप कायमचा खराब होतो. कोरडी जागा, वेळोवेळी बदललेले सिलिका जेल, आधी फुंकणीने धूळ उडवून मगच लेन्स पेपरचा वापर, हे उपाय खर्चिक नाहीत. अडचण वृत्तीची आहे. महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये सूक्ष्मदर्शकाची किंमत आणि खरेदीची तारीख सापडते. कोणत्या वस्तुभिंगावर बुरशी आली, कंडेन्सर शेवटचा केव्हा जुळविला, हे मात्र तेथे नसते. पहिली नोंद लेखापरीक्षणासाठी असते, दुसरी सत्यासाठी. जो विद्यार्थी त्याच सूक्ष्मदर्शकावर प्रबंधातील छायाचित्रे घेतो, त्याच्या दृष्टीने दुसरी नोंद अधिक मोलाची असते, कारण त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतली गेल्यास तीच त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकते.

निष्कर्ष

१. 'मायक्रोग्राफिया'चे स्थायी योगदान पेशीच्या नामकरणापुरते मर्यादित नाही. उपकरण आणि प्रकाश यांची नोंद हा पुराव्याचा भाग मानणे, हे त्याचे अधिक मोठे योगदान होय.

२. चित्रपट्टांतील एकसंध रूप या भूमिकेशी विसंगत आहे. प्रस्तावना आणि चित्रे यांची ताटातूट होण्याचे बीज ग्रंथातच आहे.

३. आजच्या संशोधनात ही ताटातूट वाढलेली दिसते. वस्तुभिंगाचा तपशील, प्रकाशयोजना, दिव्याचे तास आणि प्रतिमेवर केलेले संस्कार यांची नोंद प्रत्येक सूक्ष्मदर्शकीय छायाचित्रासोबत अपेक्षित धरली पाहिजे.

४. उपकरणाची निगा हे प्रयोगशाळा परिचराचे दुय्यम काम नसून संशोधनपद्धतीचा भाग आहे. ते पदवी स्तरापासून शिकविले जाणे आवश्यक आहे.

हूक यांनी वाचकाला आधी दिवा आणि भिंग दाखविले, मग पिसू दाखविली. हा क्रम प्रयोगशाळेच्या पहिल्या तासिकेत पाळला गेला, तर त्या ग्रंथाचे वाचन खऱ्या अर्थाने झाले असे म्हणता येईल.