एक आयुष्य, तीन पुस्तके

चांगले चरित्र सुचवा म्हटले, की आपल्याकडे पुष्कळदा कादंबरीचेच नाव पुढे येते. माधवराव पेशव्यांसाठी ‘स्वामी’, टिळकांसाठी ‘दुर्दम्य’, आनंदीबाई जोशींसाठी ‘आनंदी गोपाळ’. यात वावगे काही नाही; पण पुस्तक कशासाठी वाचायचे हे सांगितल्याशिवाय केलेली शिफारस अर्धीच राहते. आनंदीबाईंवरची तीन पुस्तके शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ची. तिचे बळ गोपाळरावांच्या व्यक्तिरेखेत आहे. तऱ्हेवाईक, हट्टी, बायकोला शिकवण्याच्या ध्यासाने झपाटलेला हा पोस्टातला कारकून मराठी कादंबरीतल्या अविस्मरणीय माणसांपैकी एक आहे. संवाद खटकेबाज, गती अशी की पुस्तक खाली ठेवू नये. मात्र हेच बळ तिची मर्यादाही ठरते. गोपाळराव पानावर आले की आनंदी बाजूला सरते. नावात दोघे बरोबरीचे असले, तरी नाट्य बहुतेक त्यांच्याच वाट्याला येते.

म्हणून दुसरे पुस्तक काशीबाई कानिटकरांचे चरित्र. काशीबाईंचा जन्म १८६१चा, आनंदीबाईंचा १८६५चा. म्हणजे दोघी एकाच पिढीच्या. नवऱ्याच्या इच्छेने पुस्तक हाती घेणे म्हणजे काय, हे काशीबाईंना स्वतःच्या संसारातून ठाऊक होते. त्यांनी आनंदीबाईंच्या पत्रांना जागा दिली, हे त्या चरित्राचे मोठे देणे. भाषा जुनी वाटेल, पण वीस-पंचवीस पानांत कान सरावतो.

तिसरे, अंजली कीर्तने यांचे ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’. हे आधुनिक संशोधकाचे काम आहे. माणसाआधी काळ, आणि विधानाआधी पुरावा. कादंबरीच्या वेगाने ते वाचता येत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

आता कसोटी. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी बालपणी त्यांच्या हातून सोसलेल्या मारहाणीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. त्याच पत्रात त्यांच्याविषयीची कृतज्ञताही आहे. हे पत्र वाचल्यावर कादंबरीकडे परत जावे. तिथला मार आपण आतापर्यंत गोपाळरावांच्या विक्षिप्तपणात जमा करत होतो. आता तो सोसणारीच्या बाजूने दिसू लागतो. प्रसंग तोच, पण सांगणारा बदलला की त्याचे वजन बदलते. कादंबरीकाराला मन कल्पिण्याची मुभा आहे. चरित्रकाराला ती नाही. त्याने ‘बहुधा’ कुठे लिहिले आणि ठाम विधान कुठे केले, यावर मी त्याचा प्रामाणिकपणा जोखतो.

हे एवढे ताणून सांगण्याचे कारण आहे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात एम.डी. झालेली ही स्त्री २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात वारली, बाविसावे वर्षही पुरे झालेले नसताना. कोल्हापूरच्या रुग्णालयात ठरलेले काम हाती घेणेही तिला साधले नाही. इतक्या अल्प आयुष्यात तिचे स्वतःचे म्हणून जे उरले, त्यात तिची पत्रे, प्रबंध आणि १८८३चे श्रीरामपूरचे (बंगालमधले) भाषण येते. जो वाचक कादंबरीपाशीच थांबतो, त्याच्यापर्यंत हा आवाज पोहोचतच नाही.

तेव्हा माझी शिफारस क्रमासह आहे. आधी ‘आनंदी गोपाळ’ वाचा, कारण जिव्हाळा तिथे जडतो. मग काशीबाई, म्हणजे आनंदीबाईंचे शब्द कानी पडतील. शेवटी कीर्तने, म्हणजे आधीच्या दोहोंत काय राहून गेले ते कळेल. वेळ एकाच पुस्तकापुरता असेल, तर मात्र काशीबाईंचे घ्या. कादंबरी कुठल्याही वाचनालयात मिळेल. काशीबाईंचे पुस्तक मागावे लागेल, आणि मागणारे नसतील तर तेही कपाटातून नाहीसे होईल.